परदेशात पाटी, कर मात्र घरी

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेली गाडी सौसर सोडून पुढे आली की रामाकोना लागतं. राज्य मध्य प्रदेश, जिल्हा २०२३ साली नव्याने झालेला पांढुर्णा, बोली मराठी आणि बाजार नागपूरचा. कन्हानच्या काठच्या या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत, आणि बागेचा सौदा पुष्कळदा झाडावरच होतो. फळ रंगावर यायच्या आत व्यापारी येतो, ओळींमधून एक फेरी मारतो, झाडं नजरेनेच तोलतो आणि सगळ्या बागेचा ठोक आकडा सांगतो. माल पुढे नागपूरच्या कळमना मंडईत जातो, दिल्लीला जातो. बांगलादेशाला तर वर्षानुवर्षं जात आला. पण तिथल्या सरकारने आयातशुल्क चढवत नेलं. २०१९च्या सुमारास किलोमागे २० रुपयांच्या घरात असलेलं शुल्क २०२३च्या अखेरीस ८८ रुपयांवर गेलं. एवढा बोजा पडल्यावर संत्र्याचा भाव बागेतच पडतो.

मग दुसरं गिऱ्हाईक शोधणं आलं. ते दुबईत असेल, सिंगापुरात असेल. त्यासाठी तिकडे आपला एखादा माणूस हवा. त्याला बसायला खोली हवी, दारावर पाटी हवी. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मग कुणीतरी विचारतं की तिकडे ऑफिस उघडलं म्हणजे तिकडच्या सरकारला आयकर भरावा लागणार का? कुणी म्हणतं, लागणारच. कुणी म्हणतं, दुबईत कर नसतोच. दोन्ही उत्तरं चूक आहेत. खोली घेतल्याने कर लागत नाही. त्या खोलीत बसून तुम्ही काय करता त्यावर तो लागतो. हे एवढं साधं तत्त्व ठरायला मात्र बरीच वर्षं आणि बरेच वकील लागले.

त्याची सुरुवात दारूच्या बाटलीपासून झाली. फ्रान्समधल्या रीम्स गावचा लुई रोदेरे हा शँपेनचा मोठा व्यापारी. लंडनमध्ये ‘ग्रेंजर अँड सन’ ही पेढी त्याच्यासाठी गिऱ्हाइकं शोधायची, भावपत्रकं वाटायची, आलेल्या मागण्या रीम्सला कळवायची. मागणी मान्य करायची की नाही, हे रोदेरे तिकडे बसून ठरवणार. माल रीम्सलाच गिऱ्हाइकाच्या नावावर आणि त्याच्याच जोखमीवर रवाना होणार. ब्रिटिश करखात्याचं म्हणणं असं की हा माणूस इंग्लंडात धंदा करतो, तेव्हा त्याच्या नफ्यावर कर इथे पडलाच पाहिजे. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की हा इंग्लंडशी व्यापार आहे, इंग्लंडात व्यापार नव्हे. सौदा जिथे पक्का होतो ती जागा रीम्स. पेढीला मिळणारं कमिशन हे पेढीचं उत्पन्न, त्यावर पेढीने कर भरावा; रोदेरेचा नफा फ्रान्सचा. याच निकालात लॉर्ड हर्शेल यांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली, तीही व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. भावपत्रक पाठवणं म्हणजे माल विकायला बांधून घेणं नव्हे. तसं असतं तर तळघरात मोजकाच साठा असलेल्या व्यापाऱ्याला येईल तेवढ्या मागण्या पुरवाव्या लागल्या असत्या.

यात पाटी पेढीची होती. व्यापाऱ्याने स्वतःचंच ऑफिस उघडलं तर? तो प्रश्न पंचवीस-एक वर्षांनी आला, आणि तो घेऊन येणाऱ्या कंपनीचं मुंबईशी जवळचं नातं आहे. कोपनहेगनची एफ. एल. स्मिथ ही सिमेंट कारखान्यांची यंत्रं बनवणारी कंपनी. तिने लंडनमध्ये स्वतःचं ऑफिस थाटलं, पूर्णवेळ इंजिनिअर बसवला. विचारणा आली की हा इंजिनिअर जाऊन भेटायचा, ज्या मातीचं-खडीचं सिमेंट करायचं तिचे नमुने कोपनहेगनला पाठवायचा, यंत्र आल्यावर ते कसं बसवायचं याचा सल्लाही द्यायचा. करार मात्र कोपनहेगनला व्हायचा आणि मालही तिथूनच जहाजावर चढायचा. करखात्याला वाटलं, आता तरी सुटका नाही: ऑफिस यांचं, माणूस यांचा, पगार यांचा. तरीही १९२२ साली कंपनीच जिंकली. नफा ज्या कामातून उगवतो ते काम कुठे होतं, असा प्रश्न न्यायाधीशांनी विचारला, आणि त्याचं उत्तर लंडन नव्हतं.

याच स्मिथ कंपनीचा सोरेन टुब्रो हा इंजिनिअर १९३४ साली कोइमतूरजवळच्या मदुक्कराईला सिमेंटच्या कामावर आला. हेनिंग होल्क-लार्सन १९३७ साली आला, तोही त्याच कंपनीचा. दोघांनी मिळून धंदा करायचं माथेरानच्या एका सुट्टीत ठरवलं, असं सांगतात. १९३८ साली मुंबईत लार्सन अँड टुब्रो सुरू झाली. ऑफिस इतकं छोटं की एका वेळी एकाच भागीदाराला बसता यायचं. सुरुवातीला ते डेन्मार्कच्या दुग्धयंत्रांचे प्रतिनिधी होते: मागणी इथून घ्यायची, यंत्र तिकडून आणवायचं. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि माल यायचा बंद झाला. मग या दोघांनी यंत्रं इथेच बनवायला घेतली. करशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर इथे बातमी गोळा करणारी खोली होती, तिथे कारखाना झाला. पुढचा सगळा नफा भारतातला आणि करही भारतातला. तो डाव करसल्लागाराने आखलेला नव्हता, युद्धाने भाग पाडला. परदेशातलं ऑफिस बहुतेक असंच कळत-नकळत वाढत जातं, आणि भानगडीही तिथेच सुरू होतात.

आता उलट बाजू. रामाकोन्याच्या आसपासचा दगड भूगर्भशास्त्रात प्रसिद्ध आहे. बालाघाट, भंडारा, नागपूर, छिंदवाडा असा पसरलेला मँगनीजचा पट्टा ज्या खडकांत आहे, त्यांना ‘सौसर समूह’ म्हणतात. म्हणजे आपल्या सौसर तहसिलीचं नाव जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. भूगर्भ सर्वेक्षणातल्या एल. एल. फर्मर यांनी १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात या पट्ट्याला मोठी जागा आहे. ही खनिजं काढायला १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाली. पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. कंपनी विलायती, मुख्य ऑफिस लंडनला, एक ऑफिस नागपूरला, खाणी इथल्या डोंगरांत आणि गिऱ्हाईक युरोपात. १९६२ साली सरकारने तिची मालमत्ता घेऊन जी कंपनी काढली, ती आजची मॉइल.

या कंपनीला नागपुरात कर चुकवता येण्यासारखा नव्हता, कारण इथे नुसती पाटी नव्हती. इथे खोदकाम होतं, आणि नफ्याचं मूळच जमिनीत होतं. जगभरच्या करारांत खाण, तेलविहीर, कारखाना यांना नाव घेऊन ‘कायम आस्थापना’ म्हणतात ते उगीच नाही. मग वाद कसला राहतो? किमतीचा. इथून जाणाऱ्या मालाची किंमत कमी लावली की इथला नफा कमी दिसतो. या कंपनीच्या बाबतीत सीमाशुल्क खात्याच्या चौकशीत जाहीर केलेली किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी आढळली, आणि त्यावरून नागपूरच्या आयकर अधिकाऱ्याने १९५०च्या दशकातली जुनी प्रकरणं पुन्हा उघडायच्या नोटिसा काढल्या. ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९१ साली निकाल लागला की नोटिसा योग्य होत्या. तोवर कंपनीच्या खाणी सरकारकडे जाऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती. कराचं प्रकरण मालकापेक्षा जास्त जगतं, याचं याहून ठळक उदाहरण विदर्भात तरी मला ठाऊक नाही.

रोदेरे आणि स्मिथ यांच्या निकालांत दिसते तीच कल्पना आज देशादेशांतल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारांत पाचव्या कलमात बसलेली असते. परदेशी कंपनीची कायम आस्थापना आपल्याकडे असेल तरच आपण तिच्या धंद्याच्या नफ्यावर कर लावू, आणि तोही त्या आस्थापनेच्या वाट्याला येईल तेवढ्याच नफ्यावर, असं दोन्ही देश कबूल करतात. कोणती जागा आस्थापना नाही, याचीही यादी असते: मालाचा साठा ठेवणं, तो मांडून दाखवणं, कंपनीसाठी खरेदी करणं, माहिती जमवणं, आणि एकूणच पूर्वतयारीचं किंवा साहाय्यक स्वरूपाचं काम. या यादीत ‘पोहोचवणी’ हा शब्द आहे की नाही, ते मात्र काळजीपूर्वक बघावं लागतं. श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नमुना करारात मालाची पोहोचवणीही सुटीच्या यादीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात, म्हणजे विकसनशील देशांच्या सोयीच्या नमुन्यात, पोहोचवणीला सूट नाही. म्हणून ‘अमुक मित्राच्या कंपनीला तिकडे कर लागला नाही’ या माहितीचा काहीच उपयोग नसतो. मित्राचा करार कुठल्या देशाशी होता आणि त्यात नेमके कुठले शब्द होते, ते वाचावं लागतं.

भारतात परदेशी कंपनीला अशी करमुक्त खोली हवी असेल तर तिला लिएझन ऑफिस म्हणतात. तीन वर्षं सलग नफा आणि किमान ५०,००० डॉलरची नक्त मालमत्ता असलेल्या कंपनीला रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली ते उघडता येतं. परवानगी साधारण तीन वर्षांची. इथे एक रुपयाही कमवायचा नाही, सगळा खर्च मूळ देशातून बँकेमार्फत यायला हवा, आणि दरवर्षी सीएकडून कामाचा दाखला घेऊन बँकेला द्यायचा. एवढं सगळं पाळलं तरी आयकर खात्याला संशय यायचा तो येतोच.

मला यातलं सगळ्यात बोलकं प्रकरण यूएई एक्स्चेंजचं वाटतं. आखातात राबणाऱ्या माणसाने घरी पैसे पाठवायचे, हा कंपनीचा धंदा. १९९६ साली रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली आणि कोचीन, चेन्नई, दिल्ली, मुंबई, जालंधर अशा ठिकाणी तिची लिएझन ऑफिसं झाली. आखातातला माणूस तिथल्या काउंटरवर पैसे भरायचा, वर १५ दिरहम शुल्क द्यायचा, आणि व्यवहार तिथेच पक्का व्हायचा. बरेचसे पैसे थेट बँकेतून जायचे. काही लोकांना मात्र घरी चेक किंवा ड्राफ्टच जायला हवा असायचा. तेव्हा इथल्या ऑफिसातला कारकून आखातातल्या संगणकावरून नावं-पत्ते उतरवून घ्यायचा, भारतीय बँकेवरचे चेक छापायचा, पाकिटात घालून पत्त्यावर रवाना करायचा. छपाई, पाकीट, टपाल. बस्स. यातून भारतात नफा होतो का?

२००४ साली आयकरातल्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाने म्हटलं, होतो. चेक पोहोचल्याशिवाय आखातातला करार पुरा होत नाही, तेव्हा हे काम धंद्याचाच भाग आहे. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवला. २४ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचंच म्हणणं उचलून धरलं. निकाल न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी लिहिला. युक्तिवाद साधा होता. रिझर्व्ह बँकेने परवानगी देताना काय करायचं नाही ते बजावलं होतं, आणि ऑफिसने त्यापलीकडे काही केलं नव्हतं. पाकीट भरणं धंद्याला मदत करतं, पण धंदा नव्हे.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईचं एक प्रकरण निकाली निघालं. कोरियाच्या सॅमसंग हेवी इंडस्ट्रीजला ओएनजीसीकडून वसईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं काम मिळालं होतं आणि तिने मुंबईत प्रोजेक्ट ऑफिस उघडलं होतं. कंपनीच्या संचालकांच्या ठरावात या ऑफिसबद्दल ‘समन्वय आणि अंमलबजावणी’ असे शब्द पडले होते. करखात्याने ‘अंमलबजावणी’ या एका शब्दाला धरून ठेवलं. न्यायालयाने मात्र ऑफिसात माणसं किती ते बघितलं. दोनच होती, आणि त्यांतल्या एकालाही समुद्रातल्या कामाची तांत्रिक माहिती नव्हती. हे ऑफिस निरोप्याचं काम करत होतं, असं ठरलं. निकाल कंपनीच्या बाजूने लागला खरा, पण एका ठरावातल्या एका शब्दापायी सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा खर्च झाला. परदेशात ऑफिस उघडण्याचा ठराव आपल्याकडे बहुधा जुन्या ठरावावरून उतरवून काढतात. हे प्रकरण त्या सीएंनी जरूर वाचावं.

ऑफिस असूनही कर नाही, याची ही दोन उदाहरणं. आता ऑफिस नसतानाही कर लागल्याचं बघा. दुबईची हयात इंटरनॅशनल साउथवेस्ट एशिया ही कंपनी दिल्ली-मुंबईच्या हयात हॉटेलांना देखरेखीची सेवा द्यायची. २००८ साली वीस वर्षांचे करार झाले. कंपनीची भारतात स्वतःची एक खोलीही नव्हती. माणसं यायची, थोडे दिवस राहून परत जायची. कंपनी म्हणाली, आमची जागाच नाही, तर आस्थापना कुठली? २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. नोकरभरती, खोल्यांचे दर, खरेदी, बँकखाती, सगळ्यांवर या कंपनीचा वचक होता आणि मोबदला हॉटेलच्या कमाईशी बांधलेला होता. हॉटेल दुसऱ्याचं असलं तरी कंपनीचा धंदा त्याच हॉटेलातून चालत होता, म्हणून कर इथे. पाटी नसली म्हणून सुटका होत नाही.

ही तीन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली की दुबईत किंवा सिंगापुरात बसवायच्या पोराला काय सांगायचं ते बरंचसं आपोआप कळतं. तो गिऱ्हाइकाला भेटेल, नमुन्याची पेटी दाखवेल, बाजारात आज दक्षिण आफ्रिकेच्या आणि इजिप्तच्या संत्र्याचा काय भाव आहे ते रोज कळवेल, साल ढिली झाल्याची तक्रार आली तर फोटो काढून पाठवेल. भावावर घासाघीस मात्र करणार नाही, सौदा पक्का करणार नाही, आणि ‘डन’ असा मेसेज स्वतःच्या फोनवरून पाठवणार नाही. भाव रामाकोन्यातून किंवा नागपुरातून ठरेल, बिल इथून निघेल, पैसे इथल्या खात्यात येतील. हे कागदावर लिहिणं सोपं आहे. पाळणं अवघड, कारण जो पोरगा सौदा करू शकतो तोच चांगला पोरगा असतो, आणि सौदा करायचा नसेल तर त्याला तिकडे ठेवायचं कशाला, असं मालकाला सहा महिन्यांत वाटू लागतं. इथून फक्त अंगठा उमटतो आणि खरा निर्णय तिकडेच होतो, असं असेल तर तेही चालत नाही. २०१५ नंतर देशांनी करार बदलले, त्यात नेमकी हीच पळवाट अनेकांनी बुजवली आहे.

फळाच्या धंद्यात आणखी एक गुंता आहे. दुबईच्या अल अवीर मंडईत माल पुष्कळदा कन्साइनमेंटवर जातो. म्हणजे कंटेनर पोहोचला, पेट्या उतरल्या, अडत्याच्या गाळ्यावर रचल्या, तरी संत्रं अजून तुमचंच आहे. विकेल त्या भावाला अडत्या विकणार, कमिशन कापून उरलेले पैसे पाठवणार, आणि सडलेली पेटी तुमच्या खात्यावर. इथे फळ तिकडे, मालकी इकडची आणि विक्री तिकडची. रोदेरेची बाटली रीम्सलाच गिऱ्हाइकाची झाली होती. हे संत्रं तसं होत नाही. तरीही बहुतेक वेळा कर लागत नाही, कारण अडत्या दहा जणांचा माल विकणारा स्वतंत्र व्यापारी असतो आणि स्वतंत्र दलालाला करारांत सूट असते. तोच अडत्या फक्त तुमचाच माल विकू लागला, तुमच्याच सांगण्यावर चालू लागला, की तो तुमचा माणूस धरला जातो. म्हणून कन्साइनमेंटपेक्षा बंदरावरच माल हातावेगळा करून पैसे मोकळे करणारा सौदा करासाठीही चांगला आणि सडण्यासाठीही. अर्थात असा सौदा मिळाला तर. नव्या व्यापाऱ्याला तो सहसा मिळत नाही.

करारांतलं खरेदीचं कलम आपल्याला उलट दिशेनेही उपयोगी पडतं. परदेशी कंपनीने भारतात फक्त निर्यातीसाठी माल खरेदी केला तर त्यावर तिला इथे उत्पन्न झालं असं धरायचं नाही, असं आयकर कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. बंगळुरूत लिएझन ऑफिस ठेवून भारतीय कारखान्यांकडून कपडे शिवून घेणाऱ्या नायकेला कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली याच आधारावर मोकळं केलं. म्हणजे उद्या एखाद्या आखाती फळकंपनीने सौसरला किंवा वरूडला खरेदीसाठी माणूस बसवला, तर तिला इथे आयकराची भीती नाही. आपण तिकडे जाण्यापेक्षा तिने इकडे येणं कायद्याला जास्त सोपं आहे, हे बागवानांनी ध्यानात ठेवावं.

देशादेशांतला फरकही मोठा आहे. सिंगापुरात प्रतिनिधी ऑफिस सरकारी संस्थेकडे नोंदवायचं, पाचपेक्षा कमी माणसं ठेवायची आणि जास्तीत जास्त तीन वर्षं चालवायचं, विक्री बंद. बांगलादेशात परवानगी मिळाल्यावर दोन महिन्यांत ५०,००० डॉलर आणून दाखवावे लागतात, तेव्हा एवढ्या पैशात किती संत्री जातील याचा हिशेब आधी करावा. संयुक्त अरब अमिरातीत १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या हिशेबवर्षांपासून कंपन्यांना ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. फ्री झोनमध्ये अटी पाळल्या तर शून्य, पण ‘दुबईत कर नसतो’ हे वाक्य आता मोडीत काढायला हवं. आणि चीनची तऱ्हाच निराळी. तिथे प्रतिनिधी ऑफिसला उत्पन्न नसलं तरी त्याच्या खर्चावरून नफा मानून घेतात. २०१० पासून हा मानीव दर किमान १५ टक्के. म्हणजे जितकं जास्त भाडं, जितका जास्त पगार, तितका जास्त कर. चहा पाजला तरी कर, असं म्हणायला हरकत नाही. शिवाय नफ्यावर कर नाही म्हणजे काहीच देणं नाही असं कुठेच नसतं. तिथल्या नोकराच्या पगारावरची कपात, परवान्याची फी, भाड्यावरचा कर हे सगळं असतंच.

आता राहिलं घरचं. भारतातल्या कंपनीला जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर आहे. दुबईत शून्य लागला तरी तो नफा इथल्या ताळेबंदात येतो आणि इथल्या दराने करपात्र होतो. दुबईत ९ टक्के भरले तर त्याची वजावट इथे मिळते. मग तिकडचा कर वाचवून काय साधलं? खरं सांगायचं तर फार थोडं. वाचतो तो तिकडचा हिशेबनीस, तिकडचं ऑडिट, तिकडच्या नोटिसा. वाचतो म्हणजे जो कर दोन्हीकडे मिळून तेवढाच भरायचा होता, तो एकाच ठिकाणी भरून मोकळं होता येतं. छोट्या धंद्याला हा फायदा काही कमी नाही, पण तो त्रासाचा फायदा आहे, पैशाचा नव्हे. करमुक्तीच्या जाहिराती करणारे सल्लागार ही गोष्ट शेवटच्या पानावर सांगतात.

इथे शेतकऱ्याचा एक समज दूर करायला हवा. स्वतःच्या बागेतल्या संत्र्याच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. पण शेजाऱ्याची बाग ठोक्याने घेऊन तो माल बाहेर पाठवला, की तो व्यापार झाला, आणि ती सूट तिथे संपते. निर्यात केली म्हणून ती परत मिळत नाही.

पैसे बाहेर पाठवण्यावरही मर्यादा आहेत. परदेशातल्या ऑफिसच्या सुरुवातीच्या खर्चासाठी गेल्या दोन वर्षांच्या सरासरी विक्रीच्या १५ टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या २५ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढं. नंतरच्या चालू खर्चासाठी दरवर्षी सरासरी विक्रीच्या १० टक्क्यांपर्यंत. बँक हे बघते. ऑफिसऐवजी तिकडे कंपनीच काढली तर २०२२चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागतात आणि दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. त्या कंपनीचा कारभार प्रत्यक्षात इथूनच चालत असेल, तर मोठ्या उलाढालीच्या कंपनीला भारत आपलीच रहिवासी धरू शकतो. ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला हा नियम लावत नाहीत. तिकडे उघडलेलं खातं विवरणपत्रात दाखवलं नाही तर २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. आणि ते लपून राहील या भ्रमात कुणी राहू नये, कारण अमिरातीसह पुष्कळ देशांतल्या बँका आता भारतीयांच्या खात्यांची माहिती दरवर्षी आपणहून कळवतात.

सिंगापूरची तीन वर्षांची अट जाचक वाटते, पण तिच्यात व्यवहार आहे. नुसतं बघायला, ओळखी करायला, भाव कळवायला एका बाजारात तीन वर्षं पुरतात. तोवर मागणी उभी राहिली असेल तर तिथेच विक्री करायला रीतसर कंपनी काढावी आणि तिथला कर भरावा. त्यात कमीपणा काही नाही, धंदा वाढला एवढाच त्याचा अर्थ. मागणी उभी राहिली नसेल, तर पोराला परत बोलवावं आणि पुढच्या हंगामाआधी वरूडच्या निर्यातदाराशी बोलणी करावीत.